डार्करूमच्या मोरीची कुळकथा

फिल्मचा रोल दुकानात देताना आपण तो ‘धुवायला’ दिला असे म्हणतो, आणि या एका क्रियापदात आपल्या भाषेने छायाचित्रणाचे जे मर्म सहज टिपले आहे, ते या विद्येवरील जाडजूड ग्रंथांतूनही इतक्या नेमकेपणाने हाती लागत नाही. कारण प्रकाशाने उमटविलेली अदृश्य प्रतिमा रसायनाने प्रकट होते खरी, परंतु ती पुढे किती वर्षे टिकणार याचा निकाल धुण्यावरच लागतो. गेल्या चैत्रात माझ्या भाच्याने नेवाशातील आमच्या जुन्या घराची माजघरालगतची अंधारी खोली डार्करूमसाठी मागून घेतली आणि मला विचारले, “मामा, सिंक कोणतं घेऊ? नगरला स्टीलची चांगली मिळतात.” मी त्याला खोलीचा कोपरा दाखविला. तेथे आजीच्या वेळची मोरी होती: वीतभर उंचीचा कठडा, आत कडाप्प्याची फरशी आणि भिंतीतून परसातल्या अळवाकडे जाणारे एक भोक. “तुला हवी ती हीच,” मी म्हणालो, “फक्त कमरेपर्यंत वर उचललेली.” त्याला ते पटेना. पटावे म्हणून जे सांगितले, ते येथे नमूद करतो.

‘मोरी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ पाणी वाहून नेणारी नळी, पन्हळ असा आहे. इंग्रजीतला ‘सिंक’ हा शब्दही आरंभी भांड्याचा वाचक नव्हता. सांडपाणी जिरण्याचा खड्डा हा त्याचा जुना अर्थ. पाणी साठवावयाचे त्याला आपण अरबीतून आलेला ‘हौद’ हा शब्द मुक्रर केला, आणि पाणी जाऊ द्यावयाचे त्याला ‘मोरी’. स्वयंपाकघरातले सिंक आता भांडी बुचकळण्याचा लहानसा हौद झाले आहे. डार्करूमला मात्र मोरीच हवी, आणि हा भेद ज्याने ध्यानात घेतला नाही त्याचे पैसे हमखास वाया जातात.

या मोरीचे कूळ छायाचित्रणाइतकेच जुने आहे, पण त्याच्या सगळ्या शाखांत ती सारख्या मानाने नांदलेली नाही. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या दागेरच्या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावरील चांदीच्या थराला पाऱ्याची वाफ देत, त्यामुळे तेथे पाण्याचे काम अखेरच्या खळबळण्यापुरतेच असे. हायपो हे रसायन चांदीचे क्षार विरघळविते हे जॉन हर्शेलने १८१९ मध्येच दाखविले होते, आणि वीस वर्षांनी तोच हायपो प्रतिमा कायम करण्यासाठी वापरात आला, तेव्हा पाण्याची खरी गरज उत्पन्न झाली. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरची ओल्या कोलोडियनची पद्धत आली. तीत काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे, लगेच अंधारात नेऊन हातात आडवी धरून तिच्यावर रसायन ओतावे लागे, मग पाणी, मग हायपो, मग पुन्हा पाणी. हातातल्या काचेवरून ओघळणारे हे सारे झेलावयास खाली काहीतरी हवेच, आणि ते झेलून वाहवून देणारे जे पन्हळवजा लाकडी पात्र आले, तेच डार्करूमच्या मोरीचे मूळपुरुष होय. पुढे कागदावरच्या प्रती पिवळ्या पडून विरू लागल्या, तेव्हा लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने कारणे शोधण्यासाठी समिती नेमली आणि १८५५ मध्ये तिने कागदात राहून गेलेल्या हायपोवर मुख्य दोष ठेवला. त्या निर्णयानंतर वाहते पाणी ही चैन राहिली नाही.

आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांत होते. परंतु विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले ते १८६० मध्ये. म्हणजे मुंबईत छायाचित्रणाची विद्या आली तेव्हा नळ नव्हता. विहिरी आणि तलाव यांच्या भरवशावर चांदीच्या प्रतिमा धुणाऱ्या त्या पहिल्या मंडळींना पाण्याच्या प्रत्येक घागरीचा हिशेब ठेवावा लागला असेल, ही गोष्ट मला त्यांच्या कलेइतकीच आदरणीय वाटते. घरातच हे काम करण्याचा आपल्याकडील सर्वांत मोठा दाखला दादासाहेब फाळक्यांचा. १९१२ मध्ये लंडनहून यंत्रसामग्री मागविल्यावर दादरच्या राहत्या घरी त्यांनी जो कारखाना मांडला, त्यात फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालविणे आणि फिल्म धुणे ही कामे घरचा मोठा संसार सांभाळून त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावर घेतली. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चे गुणगान करताना ते धुणारे हात सहसा आठवत नाहीत, ते आठवावेत.

आता मोरी कशाची करावी. आपल्या घरी हात प्रथम जातो तो तांब्या-पितळेच्या घंगाळाकडे, आणि तेच सर्वांत घातक. नेवाशाच्या लाडमोड टेकाडावर पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ आणि पुन्हा १९५९ ते १९६१ या काळात जे उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगातील एका बालकाच्या गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि त्या मण्यांत कापूस-रेशमाचा धागा तीन हजारांहून अधिक वर्षे शाबूत राहिला होता, कारण गंजणाऱ्या तांब्याच्या क्षारांनी त्याला कुजू दिले नाही. धाग्याला तारणारे हेच तांबे प्रतिमा प्रकट करणाऱ्या डेव्हलपरचा मात्र नाश करते. त्याचा नुसता अंश उतरला तरी डेव्हलपर लवकर मरतो आणि चित्रावर धुरकट छाया येते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आम्लयुक्त हायपोपुढे टिकत नाही. आजीच्या मोरीतला कडाप्पा दिसावयास भारदस्त, पण तो चुनखडीच्या जातीचा दगड. डेव्हलपरचे काम थांबविणाऱ्या स्टॉप बाथमधील ॲसेटिक आम्ल सांडले की फसफसतो आणि खवडे पडतात. शहाबादीचीही तीच गत. आमचा सह्याद्रीचा काळा दगड या आम्लाला दाद देत नाही, परंतु त्याची डोण उचलावयास चौघे लागतील आणि काचेची वस्तू हातातून निसटली तर तिचे तुकडेच वेचावे लागतील. युरोपात सागवानी पेटीला आतून शिशाचा पत्रा मढवीत, किंवा काचलेप दिलेली मातीची जड पात्रे वापरीत. स्टील उत्तम, पण मोलिब्डेनम असलेले. बाजारातल्या साध्या सिंकमध्ये हायपो साचून राहिला तर बारीक खड्डे पडू लागतात.

सबब मी भाच्याला सांगितले की सुताराकडून जाड प्लायवुडची पेटी करून घ्यावी आणि तिला आतून फायबर व इपॉक्सीचा लेप द्यावा. लांबी पाच फूट, कारण डेव्हलपर, स्टॉप बाथ, हायपो आणि पाणी असे चार ट्रे ओळीने बसले पाहिजेत. रुंदी दोन फूट, खोली सहा इंच, आणि काठ कमरेच्या किंचित वर, म्हणजे दोन तास वाकून पाठ धरत नाही. तळ सपाट, पण भोकाच्या दिशेने पाच फुटांत एक इंच उतार, आणि ट्रे तिरके होऊ नयेत म्हणून वर सागवानी पट्ट्यांची जाळी. भोकात बसणारी तीन इंचांची उभी नळी अवश्य करावी. ती बसविली की मोरीत तेवढेच पाणी साचते आणि जास्तीचे वाहून जाते. डेव्हलपरला वीस अंश तापमान मानवते आणि नेवाशात वैशाखात पारा चाळिसांवर जातो. अशा वेळी माठातले पाणी आणि बर्फ घालून सगळे ट्रे या उथळ पाण्यात बसविले म्हणजे रसायन निवते. मोरीने थोडा वेळ हौद व्हावे, एवढी सवलत तिला द्यावयास हरकत नाही.

पेटी ज्येष्ठात तयार झाली. पहिल्या रात्री आम्ही दोघांनी गावच्या प्रवरा नदीच्या घाटाचे एक चित्र उतरविले; तांबड्या दिव्यात पांढऱ्या कागदावर आधी घाटाच्या पायऱ्यांची काळी रेघ आली, मग पाणी, आणि भाचा पुढचा ट्रे विसरून बघतच राहिला. “धू आता,” मी म्हणालो. वाहत्या पाण्यात त्याने तो कागद तासभर ठेवला.

राहिला तो भोकाचा प्रश्न. आजीच्या मोरीचे पाणी अळवाला आणि केळीला जात असे. भाच्याच्या मोरीचे तेथे जाऊ दिलेले नाही, धुण्याच्या पाण्यासाठी परसाच्या टोकाला निराळा शोषखड्डा खणला आहे. वापरलेला हायपो मात्र त्या खड्ड्यातही सोडत नाही, कारण त्यात विरघळलेली चांदी असते आणि ती जमिनीत, विहिरीत, शेवटी प्रवरेत उतरावी असे आम्हाला वाटत नाही. तो झाकणाच्या कॅनमध्ये साठवून त्यात भांडी घासायची लोखंडी तारेची जाळी टाकली की लोखंड विरघळत जाते आणि चांदी गाळ होऊन खाली बसते. ज्यांनी घरी डार्करूम मांडली असेल किंवा मांडावयाची असेल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की सिंक विकत घेण्यापूर्वी हा कॅन आणून ठेवावा.