मंडळी, गिरजा आणि कलीसिया

पांढुर्णा आणि सौंसर हे मध्य प्रदेशातील मराठी बोलणारे तालुके. 2023 मध्ये त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी अशा या मुलखात उपदेशकास चार शब्दांशी व्यवहार करावा लागतो: मराठी शास्त्रातील ‘मंडळी’, हिंदी शास्त्रातील ‘कलीसिया’, इमारतीस ‘गिरजाघर’, आणि सर्वांच्या तोंडी असलेला ‘चर्च’. यांपैकी दोन एकाच उदरातले आहेत, हे सहसा ध्यानी येत नाही.

मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’, म्हणजे नागरिकांची बोलाविलेली सभा. इफिसात देमेत्रिय सोनाराने उठविलेल्या दंगलीत नाट्यगृहात जमलेल्या घोळक्यासही लूक हाच शब्द लावतो (प्रे. कृ. 19), मराठीत तेथे ‘सभा’ आहे. दगडविटांचा त्यात लवलेश नव्हता. लॅटिनमार्गे हा शब्द फ्रेंचमध्ये ‘एग्लीझ’, स्पॅनिशमध्ये ‘इग्लेसिया’, पोर्तुगिजांत ‘इग्रेजा’ झाला. पोर्तुगिजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यास लागला. कोंकणीत ‘इगर्ज’ आणि हिंदीत ‘गिरजा’ झाला. फारसी-उर्दूच्या वाटेने तोच ‘कलीसा’ व पुढे ‘कलीसिया’ होऊन आला. ‘कलीसिया गिरजाघर में इकट्ठी हुई’ असे म्हणणारा एकच ग्रीक शब्द दोनदा उच्चारतो, एकदा माणसांसाठी व एकदा भिंतींसाठी!

‘चर्च’चे कूळ निराळे. ग्रीक ‘कुरियाकोन’ म्हणजे प्रभूचे, अर्थात प्रभूचे घर. जर्मन ‘किर्खे’, डच ‘केर्क’, तसेच छिंदवाड्यास आलेल्या स्वीडिश मिशनऱ्यांचा ‘शिरका’ हे त्याच घराण्यातले. रोमानियन ‘बिसेरिका’ मात्र ‘बॅसिलिका’पासून आला.

या भेदावरून युरोपात मोठा वाद माजला. लूथरने 1522 च्या नव्या करारात ‘किर्खे’ टाळून ‘गेमाइने’, म्हणजे समुदाय, हा शब्द योजिला. टिंडेलने 1526 मध्ये इंग्रजीत ‘काँग्रिगेशन’ घातला, तेव्हा थॉमस मोर त्याच्यावर तुटून पडला. कारण शब्द बदलला की अधिकार धर्माधिकाऱ्यांकडून जमलेल्या लोकांकडे सरकतो. 1611 च्या इंग्रजी भाषांतरकारांना ‘चर्च’ हाच शब्द ठेवण्याची आज्ञा होती.

मराठी भाषांतरकारांवर असे बंधन नव्हते. त्यांनी घरातलाच शब्द उचलला. ‘मंडळी जेवायला बसली’ असे आपण रोज म्हणतो, आणि त्यात भिंत कोठेच नसते. माझ्या मते मूळ अर्थाच्या इतका जवळ यांतला दुसरा शब्द नाही. शिवाय जुन्या वळणाचा गृहस्थ पत्नीविषयी बोलताना ‘आमची मंडळी’ म्हणतो. इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय शिकविताना हा अर्थ उपदेशकाच्या हाती आयताच आहे. तो ‘कलीसिया’त नाही आणि ‘चर्च’मध्येही नाही.