जांभळ्याचं पांढरं झालं त्याची गोष्ट

मी पडलो कॉम्प्युटरवाला, बायॉलॉजी बारावीलाच सुटलं. पण ज्याचा दिवस बग शोधण्यात जातो त्याला आवडेल अशी एक गोष्ट वनस्पतिशास्त्रात आहे. मंडळी, आज तीच सांगतो.

पेटुनिया तुम्ही पाहिलंच असेल. नर्सरीत कुंड्यांमध्ये असतं ते भोंग्यासारखं फूल. त्याच्या जांभळ्या रंगासाठी चाल्कोन सिन्थेज नावाचं एन्झाइम लागतं. कॅलिफोर्नियात नापोली, लेमियू आणि जॉर्गेन्सेन या तिघांनी त्या एन्झाइमच्या जनुकाची एक जादा प्रत रोपांत घातली. हिशोब साधा होता, एन्झाइम जास्त तर रंग गडद.

झालं उलटंच! 1990 साली त्यांनी छापलं की जादा जनुक घातलेल्या रोपांपैकी 42 टक्के रोपांना पूर्ण पांढरी किंवा मधेमधे पांढरी पडलेली फुलं आली. नवं जनुक चाललं नाही, एवढंच असतं तर ठीक होतं. पण झाडाचं स्वतःचं, इतके दिवस नीट चालणारं जनुकही गप्प झालं. त्याचा एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी काढलेली कामापुरती प्रत, 50 पटीने घटला होता. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या एका गटालाही पेटुनियात हेच दिसलं. नाव पडलं को-सप्रेशन. नाव मिळालं, कारण नाही.

खरं तर एक धागा आधीपासून पडून होता. 1928 साली व्हर्जिनियात विंगार्ड यांनी पाहिलं होतं की रिंगस्पॉट व्हायरस लागलेल्या तंबाखूची खालची पानं आजारी दिसतात, पण वर येणारी नवी पानं ठणठणीत असतात, आणि तोच व्हायरस पुन्हा त्यांना लागत नाही. 1993 मध्ये ओरेगनमध्ये डोअर्टी यांच्या गटाने व्हायरसचं जनुक तंबाखूत घातलं. बऱ्या झालेल्या झाडांत ते जनुक वाचलं जात होतं, प्रती निघत होत्या, पण टिकत नव्हत्या. म्हणजे प्रोग्रॅम चालू, आउटपुट मात्र कुणीतरी पुसतंय!

तो 'कुणीतरी' 1998 मध्ये सापडला, पण एका किड्यात. फायर आणि मेलो यांनी दाखवलं की दुपदरी आरएनए आत गेला की त्याच्याशी जुळणारं जनुक गप्प होतं. 1999 मध्ये इंग्लंडमधल्या नॉरिच इथे हॅमिल्टन आणि बॉलकोम यांना गप्प झालेल्या झाडांत साधारण 25 अक्षरांचे आरएनएचे तुकडे मिळाले. या तुकड्यांत प्रथिनाची कृती नसते. पेशी दुपदरी आरएनए कापून ते बनवते आणि त्यांच्या मदतीने जुळणारा एमआरएनए शोधून नष्ट करते. आपण 'फाइंड अँड डिलीट' म्हणतो ना, तसंच. बरेच व्हायरस स्वतःची नक्कल करताना दुपदरी आरएनए तयार करतात, म्हणून ही झाडाची प्रतिकारशक्तीच. 2002 मध्ये ॲराबिडॉप्सिस या रोपात झाडाचे स्वतःचे असे तुकडेही सापडले. पानांची घडण, फुलायची वेळ अशा गोष्टींवर त्यांचा ताबा असतो.

हे सगळं प्रयोगशाळेतच राहिलं नाही. हवाईतल्या पुना भागात 1992 मध्ये रिंगस्पॉट व्हायरस शिरला आणि पपईच्या बागाच्या बागा गेल्या. 1998 मध्ये लागवडीला आलेली 'रेनबो' पपई याच यंत्रणेवर तगली.

2006 चं नोबेल फायर आणि मेलो यांना मिळालं. पुढे 2008 मध्ये बॉलकोम यांना लास्कर पुरस्कार मिळाला, तोही ॲम्ब्रॉस आणि रव्हकुन यांच्याबरोबर. 2024 चं नोबेल त्या दोघांना मिळालं, बॉलकोम यांना नाही. फायर-मेलोंनी कारण दाखवलं, त्यांचा मान खराच. पण मला वाटतं, झाडवाल्यांचं देणं राहिलंच. बग रिपोर्ट त्यांचा होता, आणि तो नीट लिहिलेला होता. फसलेली रोपं म्हणून ते कुंड्या रिकाम्या करू शकले असते. त्यांनी पांढरी फुलं मोजली आणि टक्केवारी छापली.

असो. नर्सरीत पांढरे ठिपके पडलेलं पेटुनिया दिसलं तर जरा थांबून बघा. त्यातल्या काही जातींचा रंग याच यंत्रणेने पुसलेला असतो, तोही कुणी जनुक न घालता.