अ‍ॅन फ्रँकच्या डायरीच्या तीन आवृत्त्या

अ‍ॅन फ्रँकची डायरी म्हणून जे पुस्तक आपण वाचतो, ते तिच्या वहीची जशीच्या तशी नक्कल नाही. हे ऐकलं की काही जण लगेच विचारतात, "म्हणजे खोटी आहे?" हा प्रश्न जुना आहे. मुद्दाम पसरवलेला आहे. त्याचं उत्तर नीट समजून घेतलं, तर अ‍ॅनबद्दलचा आदर आणखी वाढतो.

गोष्ट थोडक्यात बहुतेकांना माहीत असते. अ‍ॅनचा जन्म १२ जून १९२९ला जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा. हिटलर सत्तेवर आला आणि हे ज्यू कुटुंब हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमला आलं. १९४०मध्ये जर्मन सैन्य तिथेही पोचलं. तेराव्या वाढदिवसाला अ‍ॅनला लाल-पांढऱ्या चौकटींची एक वही मिळाली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी मोठ्या बहिणीला, मार्गोटला, जर्मनीत कामाला पाठवण्याची नोटीस आली. ६ जुलै १९४२ला सगळे वडिलांच्या ऑफिसच्या मागच्या भागात लपायला गेले. पुढे आणखी चार जण आले. एकूण आठ माणसं, दोन वर्षांहून जास्त काळ, पुस्तकांच्या कपाटामागे. दिवसा खाली गोदामात कामगार असायचे, म्हणून पावलांचा आवाजही करायचा नाही.

आता वळण येतं ते २८ मार्च १९४४ला. लंडनमधून डच रेडिओवर तिथल्या सरकारातले मंत्री बोल्केस्टाईन बोलत होते. युद्ध संपल्यावर सामान्य लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं गोळा करायला हवीत, असं ते म्हणाले. अ‍ॅनने ते ऐकलं. तिला लेखिका आणि पत्रकार व्हायचंच होतं. २० मे १९४४पासून तिने आपली डायरी पुन्हा लिहायला घेतली. पुस्तकाचं नावही ठरवलं. त्या डच नावाचा अर्थ साधारण 'मागचं घर' असा होतो. अकरा आठवड्यांच्या आत तिने दोनशेहून जास्त सुटे कागद भरले.

हे पुनर्लेखन वरवरचं नव्हतं. आधी ती वेगवेगळ्या काल्पनिक मैत्रिणींना पत्रं लिहायची. आता सगळी पत्रं एकट्या 'किटी'ला झाली. बरोबरच्या माणसांसाठी तिने टोपणनावं योजली. कंटाळवाणा मजकूर काढला, प्रसंग जोडले, तेराव्या वर्षी लिहिलेलं पंधराव्या वर्षीच्या नजरेने तपासलं. पीटरवरच्या प्रेमाबद्दलचं बरंचसं स्वतःच गाळलं. बाहेर पकडापकडी चालू असताना एक मुलगी आतमध्ये संपादकाचं काम करत होती.

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे कोडची जुनी आवृत्ती कधी पुसत नाहीत. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली, हे मागे जाऊन बघता येतं. अ‍ॅनच्या कागदांचंही तसंच झालं आहे. अभ्यासक मूळ वह्यांना 'अ' आवृत्ती म्हणतात, तिच्या सुट्या कागदांना 'ब', आणि वडिलांनी, ऑटो फ्रँक यांनी, या दोन्हींतून जुळवलेल्या पुस्तकाला 'क'.

जुळवणी करावीच लागली, कारण दोन्ही आवृत्त्या अपुऱ्या आहेत. १९४३ सालची मूळ वही सापडलेलीच नाही. त्या वर्षाबद्दल फक्त 'ब' शिल्लक आहे. उलट 'ब' मार्च १९४४च्या शेवटी थांबते, कारण तिथपर्यंतच अ‍ॅनचं काम झालं होतं. पुढचे चार महिने फक्त वहीत आहेत. शेवटची नोंद १ ऑगस्टची आहे. ४ ऑगस्टला पोलीस आले.

जमिनीवर विखुरलेले कागद मीप गीस आणि बेप फॉस्काउल या दोन मदतनीस बायकांनी गोळा केले. मीपने ते न वाचता टेबलाच्या खणात ठेवून दिले. अ‍ॅनला आधी आउशवित्झला आणि मग बेर्गेन-बेल्सेनला नेण्यात आलं. १९४५च्या फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये ती तिथे गेली. ती छावणी मुक्त झाली १५ एप्रिलला. आठांपैकी एकटे ऑटो परत आले. त्यांनी तयार केलेलं पुस्तक २५ जून १९४७ला निघालं, सुमारे तीन हजार प्रतींचं. आईबद्दलचे काही कडवट शब्द आणि शरीराबद्दलचं काही लेखन त्यांनी वगळलं होतं. बायको आणि दोन्ही मुली गमावलेल्या माणसाने असं का केलं, हे समजणं अवघड नाही.

पण याच बदलांचा फायदा 'असं काही घडलंच नाही' म्हणणाऱ्यांनी घेतला. कागदांत बॉलपेनची अक्षरं आहेत, म्हणून डायरी बनावट, अशी हूल उठवली गेली. ती अक्षरं म्हणजे नंतर हस्ताक्षर तपासणाऱ्यांपैकी कोणीतरी मध्ये ठेवलेल्या दोन सुट्या चिठ्ठ्या होत्या. नेदरलँड्सच्या युद्धविषयक संस्थेने सरकारी प्रयोगशाळेकडून कागद, शाई, डिंक आणि हस्ताक्षर तपासून घेतलं आणि १९८६मध्ये तिन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी छापल्या. संशयाला उत्तर म्हणून सगळा इतिहासच उघडा केला.

हे सगळं सोलापुरात बसून का लिहायचं? कारण इथल्या पुस्तकांच्या स्टॉलवर अ‍ॅनच्या डायरीचा मराठी अनुवाद मिळतो, आणि त्याच्याच शेजारी हिटलरचं 'माइन काम्फ'ही मराठीत मिळतं. "माणूस काही असो, शिस्त होती" हे वाक्य मी कॉलेजच्या कट्ट्यावर आणि ऑफिसच्या कँटीनमध्येही ऐकलं आहे. कोणी म्हणतं, तो इंग्रजांचा शत्रू होता. त्याच पुस्तकात हिटलरने लिहिलं आहे की भारत इतर कोणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच हाती राहिलेला त्याला बरा वाटतो.

आणि याच शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये चीनमध्ये गेले. हिटलरचा दोस्त असलेल्या जपानशी लढताना जखमी झालेल्या सैनिकांवर त्यांनी उपचार केले. ९ डिसेंबर १९४२ला ते तिथेच वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. तेव्हा अ‍ॅनला लपून पाच महिने झाले होते. त्याच काळात कोकणात बेने इस्रायल ज्यू, ज्यांना गावकरी 'शनिवार तेली' म्हणायचे, आपल्या गावाच्या नावाची आडनावं लावून उघडपणे जगत होते. शनिवारी घाणा बंद ठेवणं, ही त्यांची एक वेगळी ओळख. त्यांच्यापैकी कोणाला कपाटामागे जावं लागलं नाही.

तेव्हा ज्यांना शिस्तीचं कौतुक आहे, त्यांच्या हातात अ‍ॅनचं पुस्तक द्यावं. नेदरलँड्समधल्या सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी एक लाखाहून जास्त मारले गेले. याद्या बनवून, नोटिसा पाठवून, रेल्वेच्या वेळापत्रकाप्रमाणे. तीही शिस्तच होती. तिच्यासमोर पंधरा वर्षांच्या एका मुलीने रोज थोडं थोडं लिहून, खोडून, पुन्हा लिहिलेले दोनशे कागद टिकले आहेत.