माथेरान : शार्लोट तलावाची रानवाट

नेरळहून घाट चढून आलेली खासगी मोटार दस्तुरी नाक्यापाशी थांबते आणि तेथून खऱ्या अर्थाने माथेरान सुरू होते. पुढे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर अथवा अमन लॉज स्थानकातून छोट्या गाडीने बाजारपेठ गाठायची. बहुतेक पर्यटक तेथे चिक्की आणि चपलांच्या दुकानांत रेंगाळतात. शार्लोट तलावाची वाट मात्र बाजार मागे टाकून रानात शिरते. सावकाश चालले तरी अर्ध्या-पाऊण तासात पाणी दिसू लागते. चढ-उतार किरकोळ असल्याने लहान मुले आणि ज्येष्ठही ही वाट सहज चालू शकतात.

समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचे हे पठार बेसॉल्टचे असून त्यावर जांभ्या खडकाचा थर आहे. वाटेवरची तांबडी माती या जांभ्याचीच. पावसाचे पाणी त्यात मुरते, आणि त्या आधारावरच माथ्यावरचे सदाहरित वळणाचे रान उभे आहे. जांभूळ, हिरडा यांच्या जोडीने येथे अंजनीची दाटी विशेष. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ बिलगलेले असतात. त्यासाठी मुद्दाम मार्च-एप्रिलमध्ये जावे. पावसाळ्यात शीळकरी कस्तूर गात असतो. माणसाने शीळ घालावी तसा त्याचा सूर, त्यामुळे नवखा माणूस हमखास मागे वळून पाहतो.

ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये या डोंगरावर आले आणि थंड हवेच्या ठिकाणाची सुरुवात झाली. पुढे १९०७ मध्ये रेल्वे आली. वस्ती वाढली तसा पाण्याचा प्रश्न उभा राहिला. शार्लोट तलाव नैसर्गिक नाही. बांध घालून साठवलेले ते गावाचे पिण्याचे पाणी आहे. म्हणूनच येथे पोहणे, कपडे धुणे किंवा काठावर उष्टे-खरकटे टाकणे सर्वथा गैर. जवळच ग्रामदैवत पिसारनाथाचे मंदिर आहे. पावसाळ्यात बांधावरून वाहणारे पाणी कड्याकडे झेपावते, तेव्हा बांधावर जाण्याचे धाडस टाळलेले बरे.

ही शांतता आपोआप टिकलेली नाही. माथेरान व परिसर २००३ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. तरीही तांबडी माती दर पावसाळ्यात वाहून जाते आणि उन्हाळ्यात टापांखाली तिचा धुरळा होतो. त्यावर उपाय म्हणून पेव्हर ब्लॉक बसवण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ते बसवण्यास मुभा दिली. अंतर्गत रस्त्यांवर आणि पदभ्रमणाच्या वाटांवर मात्र नाही. मातीतून चालण्याची मौज जाणणाऱ्यांना हा निर्णय दिलासा देणारा आहे. ज्यांना त्याच वाटेने रोज ओझी वाहायची, त्यांची अडचणही खोटी नव्हे.

शनिवार-रविवारी तलावाकाठी गजबज असते. आठवड्यातील एखाद्या दिवशी सकाळी लवकर निघावे. पायांत चांगली पकड असलेले बूट हवेत, आणि खाऊ हातात न धरता पिशवीत बंद ठेवावा. माकडे फार धीट आहेत. परतताना एको पॉइंट व लुइसा पॉइंट पाहता येतात. मात्र अंधार पडण्यापूर्वी बाजारपेठेत पोहोचावे.