शब्दवेध : हिमोढ

हिमनदीनं वाहून आणलेल्या दगडमातीच्या राशीला भूगोलात हिमोढ म्हणतात. हिम अधिक ऊढ. संस्कृत ‘वह्’ धातूचं रूप ‘ऊढ’, म्हणजे वाहून नेलेलं. नवोढा त्याच घरातली, विवाहही तिथलाच! रायपूरच्या शाळकरी मुलांना हिंदी पुस्तकातली ‘जलोढ मिट्टी’ पाठ असते, ती याची सख्खी बहीण.

हिमनदीच्या गाळाचे खडक पाहायला हिमालय गाठायला नको. छत्तीसगडातच, मनेंद्रगडला हसदेव नदीकाठी, सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचे तालचेर नावाचे थर आहेत. या थरांत बारीक, हिरवट मातकट खडकात मधूनच परक्या जातीचा मोठा धोंडा रुतलेला दिसतो. संथ पाण्यात गाळ बसतो, धोंडे येत नाहीत. ते बर्फानंच आणले. त्याच काळातल्या बर्फाचे ओरखडे चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळच्या चुनखडकावर आहेत. भूवैज्ञानिक फेडननं १८७५ मध्ये त्यांची नोंद केली.