सायकल, चढण आणि मुलांचे पाय

"स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे लिहा," असा चिटणीसबाईंचा निरोप आला. आता इतिहास म्हटला की आपल्या रत्नागिरीत विषयांना तोटा नाही. लोकमान्यांचे जन्मस्थान आहे, थिबा राजाचा वाडा आहे, पतितपावन मंदिर आहे. त्यांवर अधिकाराने लिहिणारे गावात पुष्कळ आहेत. मी आपली घरगुती बाई. मला ज्या वस्तूचा इतिहास थोडाबहुत ठाऊक आहे, ती म्हणजे मुलांना शाळेत पोचवणारी बायकांची सायकल. विषय लहान वाटेल, पण भगिनींनी गोड मानून घ्यावा.

शाळेची वाट आपल्या जिल्ह्यात मुळातच अवघड. महर्षी कर्वे परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यास सह्याद्री ओलांडून पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही, ही हकीकत आपण सर्वांनी वाचलेली आहे. चालणे हेच आपले वाहन होते. सायकल आपल्याकडे उशिरा आली आणि आली तरी चढणीमुळे निम्मी हातानेच ढकलावी लागली.

आज आपण जिला सायकल म्हणतो ती, म्हणजे दोन्ही चाके सारखी आणि मागच्या चाकाला साखळी असलेली, 1885 साली इंग्लंडात स्टार्ली नावाच्या कारागिराने पुढे आणली. त्याआधीच्या सायकलीचे पुढचे चाक जवळजवळ पुरुषभर उंच असे. लुगडे नेसून तिच्यावर चढणे कुणाला स्वप्नातही सुचले नसते. पुढे तीनच वर्षांनी, 1888 साली, बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. हा टायर त्याने प्रथम कुणासाठी केला होता? आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी! म्हणजे आज जगभर धावणाऱ्या टायरच्या मुळाशी एक पोर आहे, हे मला फार आवडते. त्याच 1888 साली आपल्या मराठी मुलखात, बेळगावास, किरलोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान काढले. त्यांचे नांगर आणि पंप पुष्कळ नंतरचे.

बायकांच्या सायकलीची दांडी खाली लववलेली असते, ते कपड्यांसाठी. शिवाय 1890 नंतरच्या दशकात विलायती बायकांच्या झग्याचा घोळ चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी विणलेली असे. आपल्याकडच्या लेडीज सायकलीला पुढे पत्र्याचे किंवा तारेचे गार्ड आले, ते साडीसाठी. वस्त्राची काळजी कारखानदारांनी शतकापूर्वीच घेतली होती. मागे बसलेल्या मुलाच्या पायांची कुणी घेतली का, हे मी माझ्या अनुभवाने सांगते.

माझे माहेर पुण्याचे. तेथे मुलींनी सायकलवर जाणे ही काही नवलाई नव्हती. 1968 साली लग्न होऊन मी रत्नागिरीस आले, तेव्हा माझी सायकलही एस.टी.च्या टपावरून आली. आंबा घाट उतरताना माझे अर्धे लक्ष टपाकडे होते. सासूबाईंनी ती पाहिली आणि एवढेच म्हणाल्या, "अगो, इथे सपाट आहे कुठे हिच्यासाठी?" ते अगदी खरे होते. आमचे घर वर मारुती मंदिराच्या बाजूला आणि मुलांची शाळा खाली गावात. सकाळी माळनाक्यावरून खाली उतरताना ब्रेक दाबून बोटे वळत. दुपारी परत येताना मी हँडल धरून चढ चढायची आणि मुले वर राजेशाही थाटात बसलेली! धाकटी पुढे, लोहाराकडून करून घेतलेल्या लोखंडी बैठकीत, आणि थोरला मागे कॅरिअरवर, उशी बांधून. जून ते सप्टेंबर सायकल पडवीत टेकलेली असे, कारण आपला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्याही वर जातो. खाऱ्या हवेने साखळी तर महिन्याभरात तांबडी होई.

एकदा एका नाक्यावर शिपायाने अडवले. त्या काळी सायकलवर डबलसीट जाणाऱ्याला दंड होई. "बाई, तुम्ही तर ट्रिपलसीट," तो म्हणाला. मी म्हटले, "मुले म्हणजे सीट का? मुले म्हणजे ओझे." तो हसला आणि त्याने जाऊ दिले. हा विनोद मी बरेच दिवस सर्वांना सांगत असे. पुढे सांगवेना.

1976 च्या मार्च महिन्यातली गोष्ट. ऊन कडक होते. चढ संपून मी पुन्हा सायकलवर बसले होते. थोरला सहा वर्षांचा, उन्हाने पेंगत होता. पेंगलेल्या मुलाचे पाय सैल पडतात, हे तोपर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते. त्याची टाच चाकाच्या तारांत गेली. चाक अडले, तो ओरडला, आणि मी कशी थांबले ते मला आठवत नाही. टाचेला सात टाके पडले. साडीचे गार्ड होते ते एकाच बाजूला, आणि तेही वरच्या भागाला. पाय अडकला तो खालच्या, उघड्या जागी.

घरी पोचताना मला वाटले, आता सायकल बंद. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डालड्याचा मोठा डबा कापून, पत्रा वरवंट्याने ठोकून सपाट केला. खिळ्याने भोके पाडली आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना तारेने बांधायला लावला. कडांना जुन्या लुगड्याची चिंधी शिवली, पाय कापू नये म्हणून. पाय ठेवायला दोन लाकडी पट्ट्याही बसवून घेतल्या. सायकलवर कधीही न बसलेल्या बाईने हे केले. पुढे आपल्या मंडळाच्या दोघीतिघींनी त्यावरून तसेच पत्रे लावून घेतले. त्या आज असत्या तर त्यांनी साक्ष दिली असती.

नेमक्या त्याच वर्षांत हॉलंडात काय चालले होते, ते मला फार उशिरा वाचायला मिळाले. 1971 साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांवर माणसे दगावली, त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर आले. "मुलांची हत्या थांबवा" हेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. सायकलींसाठी आज तेथे जे वेगळे रस्ते आहेत, त्यांत या चळवळीचा मोठा वाटा आहे. तेथला नियमही वाचला. आठ वर्षांखालच्या मुलाला सायकलवर न्यायचे तर त्याच्या पाठीला, हातांना आणि पायांना आधार असलेली बैठक हवी. मी "पायांना" या शब्दावर थांबले आणि डालड्याचा डबा आठवला.

आपल्याकडे 1989 च्या नियमांत मोटारसायकलच्या मागच्या चाकाला आडोसा सांगितला आहे, तो पुन्हा कपड्यांसाठीच. फेब्रुवारी 2023 पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट आणि पट्टा सक्तीचा झाला, ही चांगली गोष्ट. पण तो नियम इंजिनाच्या गाडीपुरता आहे.

मुलांना नेणारी सायकल गावातून कधी गेली, याची तारीख काही सांगता येत नाही. 1972 साली लूना निघाली, मग स्कूटर आल्या, मग रिक्षावाले काका. चढणीपुढे इंजिन जिंकले, त्यात नवल ते काय! माझी सायकल 1983 पर्यंत चालली.

तो पत्रा अजून माळ्यावर आहे. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत काढून पाहिला तर पार गंजलेला, चिंधीचा तर मागमूस नाही. मुलाच्या टाचेवरची खूण मात्र दिसते. आता त्याने पन्नाशी ओलांडली. पावसाळी हवेत टाच ठणकते असे तो सांगतो. सूनबाईंचे म्हणणे, बाजारात जायला सांगितले की ठणकते.