ह्युएन त्संगच्या शहरात

शीआन हे चीनमधलं प्राचीन शहर. पूर्वी याचं नाव चांगआन, तांग घराण्याची राजधानी. आम्ही तिथे गेलो तेव्हा ना ओळख, ना भाषा. हॉटेलचं नाव चिनी अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवायची आणि टॅक्सीवाल्याला दाखवायची, एवढ्या भांडवलावर शहर पालथं घातलं. मिंग काळातला सुमारे १४ किलोमीटरचा तट पाहिला. पण आमची खरी ओढ होती ती तटाच्या दक्षिणेला असलेल्या मोठ्या रानहंस पॅगोड्याची.

सात मजले, ६४ मीटर उंची. आतून जिना आहे, धापा टाकत वर गेलो. हा मनोरा मुळात इ.स. ६५२ मध्ये बांधला, तो भिक्खू ह्युएन त्संगने भारतातून नेलेले ग्रंथ आगीपासून सुरक्षित राहावेत म्हणून. पुढे तो पुन्हा बांधला गेला. पुस्तकांसाठी एवढा मनोरा! आमची तर मान लवली.

हा भिक्खू बादशहाची परवानगी नसताना निघाला आणि ६४५ साली परतला तो ६५७ ग्रंथ घेऊन. उरलेली १९ वर्षं त्याने भाषांतरात घातली. आपल्या देशात नष्ट झालेले कितीतरी ग्रंथ आज चिनी भाषेत शिल्लक आहेत, ते अशा माणसांमुळे.

मंडळी, हा माणूस आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. दुसऱ्या पुलकेशीचं राज्य त्याने पाहिलं. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही सोडत नाहीत, असं त्याने नोंदवलं. डोंगरात कोरलेल्या एका भव्य विहाराचं वर्णन केलं. ते अजिंठ्याचंच असावं, असं अभ्यासक मानतात. पुढे एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅमने नालंदेची जागा ओळखली, तीही याच प्रवासवर्णनाच्या आधारे. विटा मातीखाली गेल्या होत्या, लिहिलेलं तेवढं राहिलं होतं.

म्हणून बंधू-भगिनींनो, एक सांगणं आहे. आपल्या विहारासाठी वर्गणी कोणी गोळा केली, विटा कोणी वाहिल्या, हे ठाऊक असलेली माणसं एकेक करून चालली आहेत. त्यांच्यापाशी बसा, विचारा, वहीत तारखेसकट लिहून ठेवा. नाहीतर उद्या आपला इतिहास दुसराच कोणी सांगेल आणि तो त्याच्या सोयीचा असेल.

जयभीम!